वाचकांचे प्रश्न : ‘कोरोला’ हे नाव पाकळीचे की पाकळ्यांच्या वलयाचे?

फुलाच्या भागांच्या शास्त्रीय नावांविषयी आलेले काही प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. त्यांतील बहुतेक एकाच शब्दाभोवती फिरणारे असल्यामुळे पहिले उत्तर सविस्तर दिले आहे. पुढची उत्तरे त्याच्या आधाराने वाचावीत.

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत जीवशास्त्र शिकवते. आपल्या पुस्तकांत फुलाची निदलपुंज (निदलांचे बाहेरचे हिरवे आवरण), दलपुंज, पुमंग (पुंकेसर) आणि जायांग (स्त्रीकेसर) अशी चार मंडले दिलेली असतात. त्यांपैकी दलपुंजाला इंग्रजीत ‘कोरोला’ म्हणतात. या शब्दाचा मूळ अर्थ काय? एका ठिकाणी तो ‘मुकुट’ असा दिलेला आढळला, दुसऱ्या ठिकाणी ‘फुलांची माळ’. शिवाय पाकळीला ‘पेटल’ हा शब्द असताना हा दुसरा शब्द कशाला हवा, असे विद्यार्थी विचारतात. त्यांना काय सांगावे?

उत्तर : ‘कोरोला’ हा शब्द लॅटिन असून त्याचा मूळ अर्थ ‘लहान माळ’ असा आहे. मात्र ही माळ गळ्यात घालायची नसून डोक्याभोवती बसवायची, म्हणजेच फुलापानांचे गुंफलेले कडे, हे ध्यानात ठेवावे. अशा कड्याला लॅटिनमध्ये ‘कोरोना’ म्हणत, आणि डब्याची जशी डबी होते तसे ‘कोरोना’चे लहानपण दाखवणारे रूप ‘कोरोला’ झाले. ‘ला’ हा प्रत्यय लागताना मधला ‘न’ पुढच्या ‘ल’मध्ये मिसळून गेला, म्हणून मूळ लॅटिन उच्चार ‘कोरोल्ला’ असा जोडाक्षरी आहे. मराठी विद्यार्थ्याला हा बदल परका वाटण्याचे कारण नाही, कारण ‘तत्’ आणि ‘लीन’ मिळून ‘तल्लीन’ होताना आपल्या व्यंजनसंधीतही पहिले व्यंजन पुढच्या ‘ल’सारखेच होते.

लॅटिनने ‘कोरोना’ हा शब्द ग्रीकमधून घेतला. ग्रीक ‘कोरोने’ हे नाव वळलेल्या, वाकवलेल्या वस्तूंना लावत असत. दाराची वाकडी कडी, धनुष्याचे वळलेले टोक अशा गोष्टी त्या एकाच शब्दाने ओळखल्या जात. म्हणजे या शब्दकुळात सर्वांत जुनी कल्पना वळणाची आहे. वळवून दोन टोके जुळवली की कडे होते, कडे डोक्यावर ठेवले की माळ होते, आणि माळेचा मान वाढत जाऊन ती धातूची झाली की तिचा मुकुट होतो. आपल्याला मिळालेले दोन्ही अर्थ म्हणूनच एका परीने बरोबर आहेत. फक्त त्यांचा काळ वेगळा आहे. रोमन लोकांचा ‘कोरोना’ प्रामुख्याने पानाफुलांचा असे. युद्धात सहनागरिकाचा जीव वाचवणाऱ्याला मिळणारा ‘कोरोना सिविका’ हा मोठा सन्मान ओकच्या पानांचाच होता. इ. स. 79 मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात मरण पावलेल्या थोरल्या प्लिनीने आपल्या निसर्गविषयक ग्रंथात माळांवर बरेच लिहिले आहे, आणि नाजूक, बारीक माळांना ‘कोरोला’ म्हणत असल्याची नोंदही केली आहे. तेव्हा फुलाच्या संदर्भात ‘लहान माळ’ हा अर्थच मुळाशी अधिक प्रामाणिक ठरतो. मराठीत काही ग्रंथांनी ‘पुष्पमुकुट’ हा प्रतिशब्द वापरला आहे. तो देखणा आहे यात शंका नाही. पण मुकुट म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे सोन्याचा, एकसंध, वर निमुळता होत जाणारा अलंकार येतो आणि सुटी फुले एका वर्तुळात गुंफल्याची मूळची कल्पना मागे पडते. ‘दलपुंज’ या शब्दात दल, म्हणजे पाकळी, स्पष्ट आहे. पण ‘पुंज’ म्हणजे रास किंवा समूह, त्यात वर्तुळ येत नाही. शिकवताना हे वर्तुळ फळ्यावर काढून दाखवावे, एवढीच माझी सूचना आहे.

आता पाकळीला एक शब्द असताना दुसरा का, याकडे वळू. याचे थोडक्यात उत्तर असे की, दोन शब्द दोन वेगळ्या गोष्टींचे आहेत. ‘पेटल’ ही एक पाकळी आणि ‘कोरोला’ हे एका फुलातील सर्व पाकळ्यांचे मिळून झालेले वलय. पण वनस्पतिशास्त्राला हा भेद सुरुवातीपासून ठाऊक नव्हता, आणि तो कसा ठरत गेला हे पाहिल्याशिवाय त्याचे महत्त्व कळत नाही.

लॅटिनमध्ये लिहिणाऱ्या जुन्या वनस्पतिज्ञांकडे पाकळीसाठी स्वतंत्र शब्दच नव्हता. ते पानालाही ‘फोलियुम’ म्हणत आणि पाकळीलाही ‘फोलियुम’च म्हणत, फार तर ‘फुलाचे पान’ असे म्हणून वेळ निभावून नेत. एखाद्या झाडाच्या वर्णनात ‘पाने पाच, पांढरी’ असे आले तर ती फांदीवरची की फुलातली, हे वाचणाऱ्याने ताडायचे. या गोंधळावर सतराव्या शतकात फाबिओ कोलोन्ना या इटालियन वनस्पतिज्ञाने तोडगा काढला. पान किंवा पातळ पत्रा या अर्थाचा ‘पेटालॉन’ हा ग्रीक शब्द घेऊन त्याने ‘पेटालुम’ हे नाव केवळ पाकळीसाठी राखून ठेवले. पुढे इंग्लंडच्या जॉन रे याने ते उचलून धरले आणि पाकळीला कायमचे नाव मिळाले. (‘पेटालॉन’ आणि आपला ‘पत्र’ हे शब्द ऐकायला जवळचे वाटतात आणि दोन्हींचा अर्थही पान होतो, पण ग्रीक शब्द पसरणे या अर्थाच्या धातूपासून आला आहे आणि ‘पत्र’ हा ‘पत्’ म्हणजे उडणे, पडणे या धातूपासून. त्यांना एका मुळाचे मानू नये.)

तरीही एक अडचण उरलीच. फ्रान्सच्या जोझेफ पितों द तूर्नफोर याने 1694 मध्ये वनस्पतींचे वर्गीकरण मांडले, ते प्रामुख्याने फुलाच्या या रंगीत भागाच्या आकारावर उभारलेले होते. घंटेसारखी फुले, नरसाळ्यासारखी फुले, क्रूसाच्या आकाराची फुले असे त्याचे वर्ग होते. पण घंटेला किंवा नरसाळ्याला पाकळ्या किती? धोतऱ्याचे फूल हाती घेतले तर त्यात सुटी पाकळी अशी नाहीच. सगळे मिळून एकच पांढरे नरसाळे असते. तूर्नफोरच्या काळी अशा फुलाला ‘एका पाकळीचे फूल’ म्हणत. आज आपण ते पाच जुळलेल्या पाकळ्यांचे मानतो. पण एक पाकळी म्हणा किंवा पाच म्हणा, त्या संपूर्ण नरसाळ्याला संबोधण्यासाठी पाकळीहून वेगळा शब्द हवा होता. तो शब्द ‘कोरोला’. त्याला वनस्पतिशास्त्रात नेमका अर्थ देऊन रुजवले ते स्वीडनच्या कार्ल लिनिअसने. 1737 च्या आपल्या ग्रंथात त्याने प्रत्येक वनस्पती-प्रजातीचे वर्णन ठरावीक क्रमाने केले. आधी बाहेरचे आवरण, मग कोरोला, मग पुंकेसर, मग स्त्रीकेसर, मग फळ आणि शेवटी बी. हा क्रम इतका सोयीचा ठरला की फुलाचे शास्त्रीय वर्णन आजही बाहेरून आत असेच लिहिले जाते.

लिनिअसचे स्वतःचे वर्गीकरण पुंकेसर आणि स्त्रीकेसर यांच्या संख्येवर आधारलेले होते. प्रजननाच्या दृष्टीने पाकळ्या त्याला दुय्यम वाटत. 1751 मधील ‘फिलॉसॉफिया बोटानिका’ या ग्रंथात तो फुलाला वधूवरांच्या दालनाच्या रूपात पाहतो आणि त्यात बाहेरच्या आवरणाला शयनगृह, तर कोरोलाला त्याचा पडदा म्हणतो. रूपक सोडून शास्त्र सांगायचे झाले तेव्हा मात्र त्याचा अंदाज चुकला. बाहेरचे आवरण खोडाच्या सालीपासून, कोरोला आतल्या सालीपासून, पुंकेसर लाकडापासून आणि स्त्रीकेसर गाभ्यापासून होतो, असे त्याने मानले होते. फुलाचे सर्व भाग पानाचीच बदललेली रूपे आहेत ही मांडणी 1790 मध्ये जर्मनीच्या गोएटेने केली, आणि आजचे शास्त्र त्याच बाजूचे आहे. गमतीची गोष्ट अशी की ज्या जुन्या लेखकांनी अन्य शब्द नाही म्हणून पाकळीला ‘फुलाचे पान’ म्हटले, ते नकळत सत्याच्या जवळ होते. संस्कृतातही ‘दल’ आणि ‘पत्र’ हे दोन्ही शब्द पान आणि पाकळी अशा दोन्ही अर्थांनी चालतात. ‘शतपत्र’ म्हणजे शंभर पाकळ्यांचे कमळ.

विद्यार्थ्यांना हा भेद शब्दांपेक्षा हाताने लवकर कळेल. सदाफुलीचे पूर्ण उमललेले फूल घ्यावे आणि त्याची एक पाकळी अलगद ओढावी. एक पाकळी निघत नाही. पाचही पाकळ्या एकदम सुटून येतात आणि त्यांच्या खाली एक बारीक, लांब नळी असते. झाडावर मागे राहतात ती हिरवी, टोकदार निदले. हातात आलेला तो संपूर्ण भाग म्हणजे कोरोला, आणि आपण ज्यांना पाच पाकळ्या म्हणत होतो ती त्याची वरची पाच पाती. त्यानंतर मोहरीचे किंवा रानगुलाबाचे फूल घ्यावे. तेथे पाकळ्या एकेक करून वेगळ्या काढता येतात. पहिल्या प्रकाराला जुळलेल्या पाकळ्यांचा आणि दुसऱ्याला सुट्या पाकळ्यांचा दलपुंज म्हणतात. सुट्या पाकळ्यांच्या फुलात ‘पाकळ्या’ एवढा शब्द पुरतो. सदाफुलीत तो अपुरा पडतो.

प्रश्न : प्राजक्ताच्या फुलाला केशरी देठ असतो असे आपण म्हणतो. पण फुले झाडाखाली पडतात तेव्हा हा देठ फुलाबरोबर येतो. देठ झाडावर राहून फूल तेवढे का गळत नाही?

उत्तर : ज्याला आपण देठ म्हणतो तो देठ नाहीच, ती कोरोलाची नळी आहे. वरच्या उत्तरातील सदाफुलीचेच हे दुसरे उदाहरण आहे, पण रंगामुळे ते अधिक फसवे झाले आहे. प्राजक्तात नळी केशरी आणि वरची पाती शुभ्र असल्यामुळे डोळ्याला ते दोन वेगळे अवयव वाटतात. प्रत्यक्षात खालपासून वरपर्यंत तो एकच दलपुंज असतो. पात्यांची संख्या साधारण 5 ते 8 असते आणि ती भिंगरीसारखी एकाच बाजूला किंचित वळलेली असतात. नळी नखाने उभी चिरून पाहिली तर तोंडाशी आतल्या बाजूला दोन पुंकेसर चिकटलेले दिसतात. ते नळीलाच जोडलेले असल्यामुळे फुलाबरोबर तेही खाली येतात. फांदीवर राहते ती निदलपुंजाची लहानशी वाटी आणि तिच्यात बीजकोश. त्याचेच पुढे चपटे फळ होते.

नळीचा केशरी रंग ज्या द्रव्यामुळे येतो ते केशराला रंग देणाऱ्या द्रव्याच्याच जातकुळीचे आहे. त्यामुळे ‘केशरी’ हे विशेषण येथे केवळ उपमा म्हणून आलेले नाही. बोलण्यात आणि कवितेत ‘देठ’ म्हणण्यास माझी काहीच हरकत नाही. मात्र वनस्पतिशास्त्राच्या उत्तरपत्रिकेत ‘प्राजक्ताचा देठ केशरी असतो’ हे वाक्य चुकीचे ठरेल.

प्रश्न : भूमितीत एखाद्या प्रमेयावरून सहज निघणाऱ्या विधानाला ‘कोरोलरी’ म्हणतात. त्याचा फुलाच्या कोरोलाशी संबंध आहे का, की केवळ उच्चारसाम्य आहे?

उत्तर : संबंध आहे, आणि तो फार रंजक आहे. लॅटिनमध्ये ‘कोरोलारियुम’ हा शब्द ‘कोरोला’पासूनच झाला. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातील रोमन विद्वान व्हारो याने त्याचे स्पष्टीकरण दिले आहे. ठरल्यापेक्षा जास्त जे द्यायचे ते ‘कोरोलारियुम’, आणि हे नाव पडण्याचे कारण असे की नटांचे काम आवडले म्हणजे रंगमंचावर त्यांना लहान माळा देण्याची रीत होती. म्हणजे माळ, माळेच्या रूपातील बक्षीस आणि मग कोणतीही वरकड देणगी असा अर्थाचा प्रवास झाला. सहाव्या शतकाच्या आरंभी बोएथियसने तुरुंगात लिहिलेल्या आपल्या तत्त्वज्ञानपर ग्रंथात भूमितिज्ञांच्या पद्धतीचा उल्लेख येतो. सिद्ध झालेल्या विधानावरून भूमितिज्ञ आणखी काही निष्कर्ष काढतात, ग्रीक त्याला ‘पोरिस्मा’ म्हणतात, तसाच एक ‘कोरोलारियुम’ मीही तुला देते, असे तेथे तत्त्वज्ञानदेवी त्याला म्हणते. प्रमेय सिद्ध करण्याचे कष्ट एकदा घेतले की हे विधान वेगळ्या कष्टाशिवाय हाती येते, म्हणून ती वरची भेट. आपल्या ‘उपसिद्धांत’ या शब्दात दुय्यमपणा आहे. लॅटिन शब्दात भेट मिळाल्याचा आनंद आहे.

प्रश्न : टोयोटा कंपनीच्या ‘कोरोला’ मोटारीचे नाव आणि कोरोना विषाणूचे नाव याच शब्दावरून आले आहे का?

उत्तर : होय. टोयोटाने 1955 मध्ये ‘क्राउन’, 1957 मध्ये ‘कोरोना’ आणि 1966 मध्ये ‘कोरोला’ अशी नावे आपल्या मोटारींना दिली. तिन्ही शब्द एकाच कुळातले आहेत, आणि त्यांच्यात ‘कोरोला’ लहान हा व्याकरणातील क्रमही जुळतो. विषाणूंच्या त्या गटाला 1968 मध्ये नाव देण्यात आले, ते इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्या भोवती दिसणारी झालर सूर्याच्या प्रभामंडलासारखी वाटल्यामुळे. सूर्याच्या त्या प्रभामंडलालाही ‘कोरोना’च म्हणतात.

वनस्पतिशास्त्रातही ‘कोरोना’ हा शब्द आहे, पण तो कोरोलाचा पर्याय म्हणून वापरू नये. पाकळ्या आणि पुंकेसर यांच्या दरम्यान काही फुलांत आणखी एक वलय असते, त्याला ते नाव आहे. कृष्णकमळातील जांभळ्या-पांढऱ्या तंतूंचे दाट वर्तुळ, नर्गिसच्या मध्यभागी असलेला पेला आणि कण्हेरीच्या फुलाच्या घशाशी दिसणारी झालर ही त्याची सहज पाहता येण्यासारखी उदाहरणे होत.

प्रश्न : कोरोलाच्या बाहेरच्या हिरव्या आवरणाला ‘कॅलिक्स’ म्हणतात. त्याचा अर्थ ‘पेला’ असा आहे, हे बरोबर आहे का?

उत्तर : हा समज फार पसरलेला आहे, कारण तो अर्धा खरा वाटतो. पेल्याला लॅटिनमध्ये ‘कालिक्स’ म्हणतात हे खरे. पण फुलाच्या आवरणाचे नाव ग्रीक ‘कालुक्स’ या वेगळ्या शब्दावरून आले आहे. त्याचा अर्थ कळीचे कवच, टरफल असा असून तो झाकणे या अर्थाच्या शब्दकुळातला मानतात. दोन्ही शब्दांचे रूप इतके जवळचे आहे, आणि निदलपुंज पुष्कळदा पेल्यासारखा दिसतोही, की लेखकांनी त्यांची सरमिसळ केली. झाकणे हाच अर्थ घेतलेले दुसरे नाव आपल्या परिचयाचे आहे. निलगिरीच्या झाडाचे ‘युकॅलिप्टस’ हे शास्त्रीय नाव ‘चांगले झाकलेले’ अशा अर्थाचे आहे. त्याच्या कळीवर टोपीसारखे झाकण असते. ते आवरणाच्या भागांचेच जुळून झालेले असते आणि फूल उमलताना सबंध गळून पडते. त्यानंतर जी पांढरी, मऊ झुपकेदार रचना दिसते ते सारे पुंकेसर असतात. पाहण्यासारखी पाकळी त्या फुलाला उरतच नाही.

‘निदल’ या अर्थाचा ‘सेपल’ हा शब्द मात्र बराच उशिरा, 1790 मध्ये, नेकर या वनस्पतिज्ञाने घडवला. झाकण या अर्थाचा ग्रीक शब्द आणि ‘पेटालुम’ यांची सांगड घालून त्याने तो केला, असे मानले जाते.

प्रश्न : सूर्यफूल, बोगनवेल आणि लिली या तिन्हींच्या रंगीत भागाला कोरोला म्हणता येईल का?

उत्तर : तिन्हींची उत्तरे वेगवेगळी आहेत.

सूर्यफूल हे एक फूल नाही, तो शेकडो फुलांचा गुच्छ आहे. काठावरची जी पिवळी ‘पाकळी’ आपण ओढून काढतो ती एक संपूर्ण लहान फूल असते, आणि तिचा पिवळा पट्टा हा त्या लहान फुलाचा एकाच बाजूला वाढलेला, जुळलेल्या पाकळ्यांचा कोरोला असतो. सूर्यफुलातील ही काठाची फुले वांझ असतात; बी धरते ते मधल्या तबकडीतील फुलांना. तबकडीतील एक फूल चिमट्याने उपटून भिंगाखाली धरावे. एक बारीक नळी आणि तिच्या तोंडाशी पाच इवले दाते दिसतील. ते पाच दाते म्हणजे जुळून गेलेल्या पाच पाकळ्यांची टोके. झेंडू आणि शेवंती याच कुळातली असल्यामुळे तेथेही असेच पाहावे. तेव्हा ‘सूर्यफुलाचा कोरोला’ असा एकवचनी प्रयोग चुकीचा आहे. एका सूर्यफुलात शेकडो कोरोला असतात.

बोगनवेलीच्या बाबतीत उत्तर नकारार्थी आहे. तिची जांभळी, गुलाबी किंवा नारिंगी ‘फुले’ म्हणजे कागदासारखी रंगीत पाने होत. शास्त्रीय भाषेत त्यांना सहपत्रे म्हणतात. अशी तीन पाने एकत्र असतात आणि प्रत्येकाच्या मधल्या शिरेला चिकटून एक लहान, नळीसारखे फूल असते. ते उमलले की त्याचे पांढरट तोंड ताऱ्यासारखे दिसते. त्या खऱ्या फुलातही आवरणाचे एकच मंडल असते. निदले वेगळी, पाकळ्या वेगळ्या अशी विभागणी त्यात नसते.

लिलीत सहा रंगीत दले दिसतात. बारकाईने पाहिल्यास तीन बाहेरच्या आणि तीन आतल्या वलयातील असल्याचे कळते. रचनेच्या दृष्टीने बाहेरची तीन निदलांच्या जागी आहेत, पण रंगरूपात ती आतल्या तिघांसारखीच असतात. जेथे असा भेद करता येत नाही तेथे कोरोला हा शब्द टाळून दोन्ही वलयांना मिळून ‘परिदलपुंज’ म्हणतात. त्यातील एकेका दलासाठी फ्रेंच लेखकांनी एक शब्द घडवला, आणि तो 1827 मध्ये द कांदोलच्या लेखनातून रूढ झाला. पाकळी या अर्थाच्या ‘पेताल’ या फ्रेंच शब्दातील अक्षरांची अदलाबदल करून ‘तेपाल’ असे रूप केले. त्याचेच इंग्रजीत ‘टेपल’ झाले. निशिगंध, ट्यूलिप आणि कांद्याचे फूल यांनाही हेच लागू आहे.

प्रश्न : रानगुलाबाला पाचच पाकळ्या असतात आणि बागेतल्या गुलाबाला कितीतरी. म्हणजे बागेतल्या गुलाबात अनेक कोरोला एकात एक बसवलेले असतात का?

उत्तर : दिसते तसेच, पण त्या जादा पाकळ्या बऱ्याच अंशी मूळच्या पुंकेसरांच्या जागी आलेल्या असतात. बागेतल्या गुलाबाचे फूल बाहेरून आत एकेक पाकळी काढत सावकाश उलगडावे. मध्याच्या जवळ पोहोचता पोहोचता पाकळ्या अरुंद आणि वेड्यावाकड्या होऊ लागतात, आणि काही फुलांत अशी एखादी पाकळी हमखास सापडते की जिची एक कड रंगीत पाकळीची आणि दुसऱ्या कडेला परागकोशाची पिवळी गाठ असते. पुंकेसर होता होता ती पाकळी झालेली असते.

याचे कारण 1991 मध्ये एन्रिको कोएन आणि एलियट मायरोविट्झ यांनी मांडलेल्या प्रारूपातून चांगले समजते. फुलाच्या चार वलयांत जनुकांचे तीन गट काम करतात. त्यांना अ, ब आणि क म्हणू. एकटा अ असेल तेथे निदल होते, अ आणि ब मिळून पाकळी, ब आणि क मिळून पुंकेसर, आणि एकटा क असेल तेथे स्त्रीकेसर. अ आणि क हे दोन गट एकमेकांना आपल्या हद्दीत येऊ देत नाहीत. क गटाचे काम बिघडले किंवा त्याची हद्द आक्रसली की अ गट आत सरकतो, आणि जेथे ब व क मिळून पुंकेसर व्हायचा तेथे अ व ब मिळून पाकळी होते. माळ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या अधिक पाकळ्यांची फुले निवडून लावली, तेव्हा ते नकळत अशाच बदलांची निवड करत होते. ज्या फुलात जवळजवळ सर्व पुंकेसरांच्या पाकळ्या झालेल्या असतात त्यात पराग फारसा उरत नाही. म्हणून अशी झाडे बियांऐवजी कलमाने किंवा छाटाने वाढवतात.